अकरा महिने न वाचलेला प्रबंध

त्या प्रबंधाचा कच्चा मसुदा माझ्या टेबलावर अकरा महिने पडून होता. निळं कव्हर, स्पायरल बाइंडिंग, दोनशेच्या वर पानं. हे आधीच सांगून टाकतो. कारण लिहिता लिहिता माणूस स्वतःला सावरून घेतो, आणि इथं मला तसं करायचं नाही.

तेहतीस वर्षं मी अभियांत्रिकी शिकवली. आजोबा भिक्षुकी करत, वडील तहसील कचेरीत कारकून होते. गुलमंडीच्या मागं एका बोळात दोन खोल्यांत आम्ही पाच जण राहायचो. घरात इंजिनियर झालेला मी पहिला, आणि इंजिनियर होऊनही कंपनीत न जाता मास्तर झालो म्हणून वडील कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलत नव्हते. पण मला प्रयोगशाळा आवडायची. काँक्रीटचा ठोकळा मशीनखाली दाबला की फुटायच्या आधी तो आतून करकरतो. नव्या मुलांना मी मशीनभोवती उभं करायचो आणि म्हणायचो, "आता कुणी बोलू नका, फक्त ऐका." सगळी श्वास धरून उभी राहायची. ठोकळा फुटला की एकदम हसायची. तेवढ्यासाठी मी रोज कामावर जात होतो म्हटलं तरी चालेल.

ज्या मुलीचा तो प्रबंध, ती माझ्याकडे पीएच.डी.ला आली तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. मुलाखतीला ती कापडी पिशवी घेऊन आली होती. समितीतल्या एकानं विचारलं, "विषय काय निवडलाय?" तर तिनं पिशवीत हात घातला आणि टेबलावर मेंढीची लोकर ठेवली. काळी-करडी, न धुतलेली, कुसळांसकट. खोलीभर मेंढरांचा वास पसरला. एक प्राध्यापक बाई पर्समध्ये रुमाल शोधू लागल्या.

"ही आमच्या मेंढरांची आहे, सर," ती म्हणाली. "पूर्वी घोंगडी विणणारे घेऊन जायचे. आता कुणी घेत नाही. कातरावी तर लागतेच. वडील कातरतात आणि बांधावर टाकून देतात. मला याचे पत्र्याखाली लावायचे तक्ते करायचेत. उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात माणूस बसू शकत नाही."

"हे कुठं सुचलं तुला?" मी विचारलं.

"पत्र्याच्या घरातच," ती म्हणाली. कुणी हसलं नाही. मी तिला माझ्याकडे घेतली.

तिचं घर लासूर स्टेशनपासून आत, एका वस्तीवर. वडील मेंढपाळ. एके काळी मोठा कळप घेऊन ते आठ-आठ महिने गावोगाव फिरायचे, लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचे. आता चाळीसेक मेंढरं उरली होती, आणि राहिलेले दिवस आईवडील दोघंही दुसऱ्यांच्या शेतात कामाला जात. ती सकाळच्या पॅसेंजरनं यायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. डबा प्रयोगशाळेतल्या भट्टीवर ठेवून गरम करायची. आमचे प्रयोगशाळा सहायक, जुने माणूस, शहरातलेच, तिच्यावर खोटं खोटं रागवायचे, "ये लॅब है बेटा, बावर्चीखाना नै." आणि मग तिच्याच डब्यातली शेंगदाण्याची चटणी खायचे.

पहिलं वर्ष वाया गेलं. आम्ही लोकर धुऊन मातीत आणि चुन्यात कालवली, साच्यात दाबली, तक्ते पाडले. दिसायला सुरेख. दोन महिन्यांत सगळे भुसभुशीत झाले. हात लावला की चुरा. ती रडली नाही, पण चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी वडिलांना घेऊन आली. उंच, काटक माणूस, डोक्याला लाल पागोटं, चप्पल दाराबाहेर काढून आत आले. मी नको नको म्हणत असताना काढलीच. तक्त्याचा तुकडा त्यांनी बोटांत कुस्करला, वास घेतला.

"साहेब, ह्यात चुना घातला का?"

"हो मामा."

"चुना लोकरीला खातो. आमच्यात घोंगडीला चिंचोक्याची खळ लावत्यात. लई घट्ट ऱ्हाती. पाऊस जरी झाला तरी पाणी वरच्यावर." मग एकदम संकोचून म्हणाले, "मी आपलं अडाणी सांगतोय. तुमच्या शास्त्रात बसत आसंल तर बघा."

ते शास्त्रात बसत होतं. चुन्याचा क्षार लोकरीतल्या प्रथिनाला तोडतो हे पुस्तकात होतं, आणि पुस्तक माझ्याच कपाटात होतं. मी ते वाचलं नव्हतं. चिंचोके भाजून, दळून, शिजवून खळ केली. तक्ते टिकले.

पुढच्या मे महिन्यात चिकलठाण्याला कारखान्यांच्या मागं असलेल्या कामगारांच्या पत्र्याच्या खोल्यांपैकी शेजारशेजारच्या दोन तिनं मिळवल्या. एकीला तक्ते लावले, दुसरी तशीच ठेवली. दोन्हींत तापमापकाच्या तारा सोडल्या. ती आणि मी बाहेर लिंबाखाली बसून दर तासाला आकडे लिहीत होतो. वडीलही बघायला आले होते. दुपारी ते तक्त्यांच्या खोलीत गेले ते बाहेर येईनात. जाऊन बघतो तर फरशीवर उशाला हात घेऊन गाढ झोपलेले. मेच्या दुपारी दोन वाजता, पत्र्याखाली. तिनं तोंडावर बोट ठेवून मला खुणावलं आणि आकडे लिहायला परत गेली. उठल्यावर ते ओशाळले. "डोळा लागला, साहेब. गार हाय आत. मेंढरू उन्हात उभं ऱ्हातंय ते काय उगीच व्हय?"

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी बायकोला हे सगळं दोनदा सांगितलं. तितका आनंद मला स्वतःच्या पीएच.डी.च्या वेळीही झाला नव्हता.

त्यानंतर वर्षभरातच कुलगुरूंनी बोलावलं. म्हणाले, "सर, एका प्रयोगशाळेत किती दिवस अडकून राहणार? सगळ्या विद्यापीठाचं संशोधन तुमच्या हातात देतो." संशोधन संचालकाचं पद होतं. गाडी होती, वेगळं दालन होतं. मला ते हवं होतं. मी विचार करून सांगतो म्हणालो, पण विचार केला नाही. रात्री जेवताना बायको म्हणाली, "अहो, घ्या. तुमचा मान आहे तो. फक्त त्या मुलीचं काम आधी उरकून घ्या."

"ते होईलच," मी म्हणालो.

नव्या दालनातलं काम मी मन लावून केलं, हेही खरं. कोणत्या विभागातून किती शोधनिबंध आले, किती पेटंटचे अर्ज गेले, किती प्रबंध जमा झाले, याचे तक्ते करायचे, विभागप्रमुखांना फोन करायचे, दिल्लीहून आलेले नमुने भरायचे. मूल्यांकन समिती येणार होती. तिच्यासाठी दोन वर्षांचा कागद गोळा करायचा होता. दिवस कसा जायचा कळायचं नाही. तिनं मसुदा आणून दिला तो जुलै महिना होता. मी पहिली दोन प्रकरणं त्याच आठवड्यात वाचली, लाल पेनानं खुणा केल्या, आणि तिसऱ्या प्रकरणात कागदाची घडी घालून ठेवली.

ती शनिवारी यायची. बाहेरच्या बाकावर बसायची. शिपाई आत येऊन सांगायचा, मी म्हणायचो, "पाच मिनिटं." पाच मिनिटांनी कुणीतरी प्राचार्य यायचे, फोन यायचा. शेवटी तिची गाडी चुकेल म्हणून मीच दारात जाऊन म्हणायचो, "पुढच्या आठवड्यात नक्की." ती म्हणायची, "हो सर." तिनं कधी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं असं आता वाटतं. पण ती का चढवणार? सही माझ्या हातात होती.

दिवाळीनंतर ती एक जाहिरात घेऊन आली. एका अनुदानित महाविद्यालयात सहायक प्राध्यापकाची कायम जागा निघाली होती, तिच्याच विषयाची, तिच्याच प्रवर्गाची. पीएच.डी. हातात हवी होती. मुदतीला चार-पाच महिने होते. मी महिनाभरात वाचून दिलं तर परीक्षकांकडे जाऊन, तोंडी परीक्षा होऊन, ते जमण्यासारखं होतं.

"सर, आता तेवढं बघाल का?" ती म्हणाली. "अशी जागा परत कधी निघेल सांगता येत नाही."

"बघतो."

"सर, बाकीचे मार्गदर्शक..." ती थांबली.

मला ती काय म्हणणार ते कळलं. बाकीचे मार्गदर्शक न वाचताच सही करतात. मी म्हणालो, "मी न वाचता सही करत नाही, हे तुला ठाऊक आहे." माझा तो लौकिक होता, आणि मला त्याचा अभिमान होता. ती खाली मान घालून "हो सर" म्हणाली आणि गेली. मी सही केली नाही. आणि वाचलंही नाही. जानेवारीत समिती आली, फेब्रुवारीत तिचा अहवाल आला, मार्चमध्ये त्या अहवालाला उत्तर द्यायचं होतं. जागेची मुदत केव्हा टळली ते मला कळलंसुद्धा नाही. तिनंही सांगितलं नाही. ती शनिवारी येत राहिली, मग एक शनिवार आड येऊ लागली.

एप्रिलच्या शेवटी तिचे वडील आले. एकटेच. शिपायानं त्यांना बसवून ठेवलं होतं, कुणाचे कोण ते त्यानं विचारलंही नव्हतं. मी बाहेर आलो तेव्हा ओळखू येईनात, इतके उतरले होते. गालाची हाडं वर आली होती. मी आत घेऊन आलो. याही वेळी त्यांनी चप्पल बाहेर काढली. सोफ्याच्या अगदी कडेला बसले.

"मामा, तब्येत काय म्हणते?"

"हाय आपली. डॉक्टर म्हणतो पोटात गाठ हाय." ते हात नुसता उडवल्यासारखा करून म्हणाले, जसं काही दुसऱ्याच कुणाचं सांगत होते. "साहेब, मी तुमचा जास्ती वेळ घेत नाय. एकच इचारायचं होतं. पोरीचं काय चुकलं का?"

"नाही, नाही..."

"चुकलं आसंल तर तुम्ही तिला रागवा. मी सांगतो तिला. घरी काय बोलत नाय ती. नुसती वह्या उघडून बसती. मला वाटलं, तुमच्याशी काय उलटं बोलली का काय. ल्हान हाय. तिच्या वतीनं मी..." आणि ते हात जोडू लागले.

मी उठून त्यांचे हात धरले. "मामा, तिचं काहीही चुकलेलं नाही. तिचं काम फार चांगलं आहे. उशीर माझ्याकडून..."

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. कुलगुरूंच्या कार्यालयातून होता. मी दोन मिनिटं बोललो असेन. फोन ठेवून वळलो तर ते उभे राहिले होते. "चालतो मी. गाडी हाय साडेचारची." मी शिपायाला त्यांना रिक्षापर्यंत सोडायला सांगितलं. स्वतः गेलो नाही. मसुदा माझ्या डाव्या हाताला, फायलींच्या खाली होता. ते ज्या कामासाठी आले होते ते त्यांच्यापासून चार फुटांवर होतं.

जूनमध्ये कशाला तरी जुन्या प्रयोगशाळेत गेलो. सहायक साचे धूत होते. मी सहज विचारलं, "आपली लोकरवाली दिसत नाही हल्ली?"

त्यांनी नळ बंद केला. "साब, उसके वालिद गुजर गए ना. तीन हफ्ते हुए. आपको मालूमच नै?"

मला माहीत नव्हतं. ते स्वतः लासूरला जाऊन आले होते, रेल्वेनं, गुडघे दुखत असताना. मला कुणी कळवलं नव्हतं.

घरी आलो, मसुदा घेऊन बसलो. चार दिवसांची रजा टाकली. चार दिवसांत पूर्ण वाचून झाला. शेवटच्या पानावर आलो तेव्हा मी कितीतरी वेळ पेन हातात धरून बसलो होतो, कारण लाल खुणा करण्यासारखं फारसं काही नव्हतं. दोन आलेख, एका सूत्रातलं चिन्ह, काही स्पेलिंगं. माझ्या हाताखाली आलेल्या प्रबंधांत इतका स्वच्छ प्रबंध दुसरा नव्हता. बायको चहा घेऊन आली. तिनं माझ्याकडे बघितलं आणि कप ठेवून गेली.

पाचव्या दिवशी मी विद्यापीठाची गाडी न घेता पॅसेंजरनं लासूरला गेलो. स्टेशनवरून वस्तीपर्यंत रिक्षा मिळाली. अंगणातला मेंढरांचा वाडा रिकामा होता. मेंढरं दवाखान्यासाठी विकली होती, हे नंतर समजलं. तिनं मला लांबून पाहिलं आणि आत जाऊन खुर्ची आणली. आईनं पाणी दिलं. मी मसुदा मांडीवर घेऊन बसलो.

आईच बोलल्या. "तुमच्याकडून आले त्या दिवशी लई खुशीत व्हते. साऱ्या वस्तीला सांगत सुटले, सायेब म्हणाले पोरीचं काय बी चुकलं नाय, काम लई चांगलं हाय. जेवले पण त्या दिवशी. नायतर अन्न जात नव्हतं."

मी पदराआडून बोलणाऱ्या त्या बाईकडे बघू शकलो नाही. मी लेकीकडे वळलो आणि मसुदा पुढं केला. "वाचलाय मी. पूर्ण. तू मला..."

"सर," तिनं मला थांबवलं. आवाज नेहमीसारखाच होता. "दुरुस्त्या किती आहेत?"

"फारशा नाहीत."

"मग आठ दिवसांत करून आणते. तुम्ही सही करा."

"मला तुझी माफी मागायची आहे."

ती जरा वेळ पानं चाळत राहिली. मग म्हणाली, "सर, आईसमोर नको. तिला वाटतं तुमच्यामुळंच हे सगळं झालं. चांगल्या अर्थानं. तसंच राहू दे."

आठ दिवसांनी ती आली, मी सही केली. सहा महिन्यांत तोंडी परीक्षा झाली. सभागृहात पहिल्या रांगेत तिची आई बसली होती, इंग्रजीतलं एक अक्षर न कळता, डोळे लेकीवर लावून. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "खळीची कल्पना तुम्हाला कोणत्या संदर्भातून मिळाली?"

"वडिलांकडून," ती म्हणाली, आणि पुढच्या मुद्द्याकडे वळली. मी मार्गदर्शकाच्या खुर्चीत बसलो होतो.

बांधलेली प्रत माझ्याकडे आली तेव्हा मी ऋणनिर्देशाचं पान उघडलं. मसुद्यात माझ्यावर पाऊण पान होतं. सर प्रत्येक ओळ वाचतात, असं त्यात लिहिलेलं होतं. आता एकच ओळ होती, मार्गदर्शकांची आभारी आहे. बाकीचं पान वडिलांवर होतं.

मी राजीनामा दिला नाही. देईन असं बायकोला म्हणालो होतो. पण मुदत संपेपर्यंत राहिलो. निरोपाच्या कार्यक्रमात शाल, श्रीफळ झालं, आणि माझ्या काळात जमा झालेल्या प्रबंधांची संख्या एकानं वाचून दाखवली. टाळ्या पडल्या. तिचा प्रबंध त्यात धरलेला होता.

ती कायम जागा त्याच वर्षी भरली गेली. परत निघाली नाही. ती जालन्याकडच्या एका तंत्रनिकेतनात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे जितके तास तितकाच पगार आणि सुट्टीत काहीच नाही. मी दोन ठिकाणी तिच्यासाठी शब्द टाकला. काही झालं नाही. संचालक नसलेल्या माणसाच्या शब्दाला किती वजन असतं ते तेव्हा कळलं. तक्त्यांचंही पुढं काही झालं नाही. एका कारखानदारानं चिकलठाण्याच्या खोल्या बघितल्या, चौकशी केली, आणि मग फोन उचलणं बंद केलं.

गेल्या महिन्यात ती मला गुलमंडीवर भेटली. मी बायकोनं सांगितलेलं अस्तराचं कापड घ्यायला गेलो होतो, ती दुकानातून बाहेर पडत होती. तिनं वाकून नमस्कार केला. केसांत एखाददुसरा पांढरा दिसत होता. आई कशी आहे विचारलं, बरी आहे म्हणाली. वर्गातली मुलं कशी आहेत विचारलं.

"डिप्लोमाची मुलं आहेत, सर. वस्त्यांवरून येतात. प्रोजेक्टच्या वह्या आणून देतात." मग म्हणाली, "त्याच दिवशी तपासून देते."

टोमणा नव्हता तो. ती आपलं काम कसं चाललंय तेवढंच सांगत होती. तेवढ्यात मागून एक हातगाडीवाला ओरडत आला आणि आम्हाला बाजूला व्हावं लागलं. तिनं माझा दंड धरून मला पायरीवर घेतलं. मग माझ्या हातातली पिशवी बघून विचारलं, "सर, रिक्षा करून देऊ का? इथून चढ आहे तुम्हाला."

मी हो म्हणालो. तिनं रिक्षा थांबवली आणि मला बसवलं. मी घरचा पत्ता रिक्षावाल्याला सांगेपर्यंत ती गर्दीतून बसस्टँडच्या दिशेनं निघूनही गेली होती.